दादाचा अंदाज आणि आजचा कावळा

मित्रहो, आज खडवलीला दादाचा दहावा झाला. आपल्या या कॉम्प्युटरवाल्यांच्या ई-मेल ग्रुपवर कोणती कंपनी नवं मॉडेल कधी काढणार याचे अंदाज तोच द्यायचा आणि तुम्ही खरेदी पुढे ढकलायचात.

घरीही तेच. वहिनी डीटीपी शिकली आणि घरून कामं घ्यायला कॉम्प्युटर मागत राहिली. दादा म्हणायचा, "दिवाळीनंतर नवं मॉडेल येतंय, थांब." दिवाळी गेली की पाडव्याचं सांगायचा. कॉम्प्युटर आलाच नाही.

आज कावळा पिंडाला शिवेना. "वहिनीला, मुलांना सांभाळीन," मी हात जोडून म्हणालो. तरी नाही. दादाचा मित्र मागून म्हणाला, "अरे, नवीन मॉडेल आलंय म्हणून सांग ना!" लोक हसले.

वहिनी शांतपणे म्हणाली, "भावजी, ते कावळ्यालाही सांगत असतील, थांब, पुढचा पिंड याच्यापेक्षा चांगला येईल."

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला.

वहिनी उद्याच कॉम्प्युटर घेणार आहे. "तेराव्यापर्यंत तरी थांब गं," आई म्हणाली. वहिनीने मला हा मेल लिहायला बसवलं.

कोणता घ्यावा, ते आज कळवाल का? फक्त थांबा म्हणू नका.