राजाचा बाप आणि नावाड्याची मुलगी

नदीच्या मधोमध एक बेट आहे आणि बेटावर फार जुन्या एका राजाचा पडका वाडा. तो बघायला येणाऱ्यांना नावाडी दोन्ही काठांवरून आपल्या होडीतून न्यायचा-आणायचा. अंगानं आडदांड आणि तोंडाचा त्याहून सैल. होडी काठावरून सुटली की याची गोष्टही सुटायची.

"राजाला मूलबाळ होईना. राणी माहेरी निघाली आणि वाटेत नदीला पूर! मग काय, राहिली बिचारी एका नावाड्याच्या झोपडीत. पूर ओसरला, राणी घरी गेली आणि यथावकाश राजाला वारस झाला, तोच हा वाड्याचा राजा. आता बाप कोण, ते तुम्ही समजून घ्या. वाड्यातल्या त्याच्या पुतळ्याचे खांदे बघा! सिंहासनावर बसून असे खांदे होतात होय?"

माणसं हसायची आणि त्याच्या वल्ह्याला जोर यायचा.

पलीकडच्या काठावर कुंभारांची वस्ती होती. त्यांच्या मते राजा त्यांचा. राणीचं बाळ जन्मतःच दगावलं आणि सुईणीनं कुंभाराचं तान्हं टोपलीत घालून गुपचूप महालात नेलं, असं ते शपथेवर सांगायचे. नावाड्यानं बायको केली ती नेमकी याच वस्तीतली. लग्नाच्या जेवणात सासऱ्यांनी ही टोपलीची गोष्ट काढली, तेव्हा जावयाला राहवलं नाही.

"मामा, मडकं कच्चं आहे तुमचं. पाण्यात टिकायचं नाही."

सगळे खो खो हसले. सासरे भरल्या ताटावरून उठले. "या माणसाच्या होडीत मी मेलो तरी पाय ठेवणार नाही!"

शब्दाचा माणूस. लेकीकडे यायचं झालं की लांबच्या पुलावरून वळसा घालून, धुळीनं माखून यायचे. जावई समोर बसलेला असला तरी लेकीला म्हणायचे, "त्यांना म्हणावं, जरा सरका."

वर्षं गेली. नावाड्याच्या घरात पाळणा हलला नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. शेवटी बायकोच म्हणाली, "मला मूल हवंय. ते माझ्याच पोटचं हवं असं कोणी सांगितलं?" दोघं शहरातल्या अनाथाश्रमात गेले आणि एक मुलगी घेऊन आले. चालायला नुकतीच लागली होती. येताना सगळ्या वाटेत तिनं नावाड्याच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं होतं. घरी पोचेपर्यंत ते तुटलं. त्यानं ते परत लावू दिलं नाही.

महिनाभरानं एक दिवस होडीत नेहमीच्या दोन बायका होत्या, बेटावर पाहुण्यांना खेळणी विकणाऱ्या. नावाड्याची गोष्ट खांद्यांपर्यंत आली, तशी एक दुसरीच्या कानाशी लागली. पण कुजबूज पाण्यावर लांबवर ऐकू येते.

"राजाचं राहू दे. याच्या घरातल्या पोरीचा बाप कोण, ते तरी आहे का याला ठाऊक?"

दुसरी हसली. हे हसू नावाड्याच्या चांगल्या ओळखीचं होतं, रोज तेच तर मिळवत होता तो. वल्हं हातात तसंच राहिलं आणि होडी आडवी व्हायला लागली. त्यानं ती सावरली आणि बायकांना बेटावर उतरवलं.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. वाटलं, ती त्या बाईच्या नावानं बोटं मोडेल. ती पोरीला घास भरवत म्हणाली, "उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण तुम्ही तरी वेगळं काय करत होतात? तुमची राणी मेलेली, एवढाच फरक."

त्यानं ताट टाकलं नाही, पण जेवणाची चव गेली. दुसऱ्या दिवसापासून गोष्ट बंद. कोणी विचारलं तर म्हणायचा, घसा बसलाय.

ही बातमी पलीकडच्या काठाला लागायला कितीसा वेळ! एका सकाळी सासरे त्यांच्या काठाच्या धक्क्यावर आले, भरल्या होडीत पाय ठेवला आणि मधल्या फळीवर बसले. "चला, जावईबापू. नातीला बघायचंय."

होडीत ती कुजबुजणारी खेळणीवाली होतीच. तिला धीर धरवला नाही. "कोणाची हो आजोबा ती मुलगी?"

"ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात," सासरे म्हणाले. "पण विचारलंत म्हणून सांगतो. माझी नात आहे. आणखी काही?"

ती आपली खेळणी आवरायला लागली. मात्र सासऱ्यांचे दोन्ही हात होडीची कड सोडत नव्हते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. अलीकडच्या काठावर उतरल्या उतरल्या ते झाडाला धरून खाली बसले.

"मामा, तुम्हाला पाण्याची भीती वाटते?"

"लहानपणापासून. म्हणून तर लग्नातलं तुमचं ते बोलणं माझ्या पथ्यावर पडलं. चारचौघांत सांगू नका."

नावाडी पोट धरून हसला, मग त्यांना हात देऊन उठवलं.

पुढे त्याचा घसा सुटला. आता तो राजाच्या लढाया सांगतो. बाप कोण विचारलं तर "राजाच. पुढे ऐका," म्हणतो. गोष्ट पूर्वीइतकी रंगत नाही, असं जुने लोक बोलून दाखवतात. कुंभारवस्तीत तर नावाड्यानं हार मानली असंच धरून चाललेत. खेळणीवाली अजून त्याच्याच होडीतून जाते. तो तिला उतरताना हात देतो, बोलत नाही.

मुलगी शाळेत जाते. आवाज खणखणीत. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर उभी राहून ती मोठ्या माणसांना दटावते, "होडी भरली! पुढच्या खेपेला या!" आणि माणसं निमूटपणे मागे सरकतात.