पांढरा झाला का?

देवाने माणसाला दोन हात दिले ते नमस्कारासाठी, स्टिअरिंग धरणं हा त्यांचा जोडधंदा, असं मानणारा पृथ्वीतलावरचा एकमेव वाहनचालक म्हणजे आमचे भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिन्हीसांजेला घरात दिवा लावला की आपण सगळेच हात जोडतो. भावोजी गाडीचे हेडलाइट लावले तरी जोडायचे. दोन्ही हात. चालत्या गाडीत. वर डोळेही मिटायचे! कर्नाळ्याच्या वळणावर मी एकदा मागच्या सीटवरून किंचाळलो, तर शांतपणे म्हणाले, "भितोस काय लेका? दिव्यासमोर कधी कुणाचं वाईट होतं का?" शेवटी ताईने माहेरी जाण्याचा दम भरला, तेव्हा कुठे ते नमस्कारापुरती गाडी कडेला घ्यायला लागले. माहेर तरी कुठे लांब होतं म्हणा, पनवेलातच, दोन गल्ल्या सोडून.

लहानपणी त्यांच्या घरी कंदिलाच्या काचा पुसायचं काम त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी जन्मात सोडलं नाही. रोज दुपारी चहा झाला की जुन्या धोतराचा तुकडा आणि टूथपेस्ट घेऊन हेडलाइटच्या काचा घासायचे. कुणी हटकलं तर "दात घासतोय तिचे" म्हणायचे. गाडी बॉनेटपासून डिकीपर्यंत पुदिन्याचा वास सोडायची. हा सगळा थाट कशासाठी, तर ताई उरणच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी तिला आणायला जायचं असायचं. नोकरीतून लवकर मोकळे झालेल्या या माणसाचा सगळा दिवस त्या एका फेरीकडे तोंड करून उभा असायचा. आजारी असले तरी जायचे. ताई रजेवर असली की मात्र घरात बेचैन फिरायचे आणि तिला विचारायचे, "उद्या तरी जाणारेस ना?"

मग एका वर्षी त्यांनी सूर लावला, की हेडलाइटमध्ये दम राहिला नाही. बल्ब बदलले, वायर बदलली, बॅटरीला नावं ठेवून झाली. अखेर स्टँडमागच्या इलेक्ट्रिशियन चाचांनी उपाय काढला. "साहब, हॅलोजनका जमाना गया. एचआयडी डालो. सडक क्या, किस्मत दिखेगी!" चाचांनी विजेचा दाब वाढवणारे दोन डबे बसवले, झगझगीत पांढऱ्या उजेडाचे ते एचआयडी दिवे लावले. हे दिवे बटण दाबताच पेटत नसत. आधी निळसर मिणमिणायचे आणि मग सावकाश पांढरेशुभ्र व्हायचे. भावोजींना हे भलतंच आवडलं. हात जोडून पांढऱ्याची वाट बघायची! "हा खरा दिवा," ते म्हणाले, "नमस्काराला सवड देतो."

पहिल्या दिवशी ताईला आणायला मीही गेलो होतो. परतताना असा लख्ख उजेड पडला, की कडेच्या गवताची पातीन् पाती दिसत होती. समोरून येणारा न्हावा शेवा बंदराचा एक ट्रेलर कचकन थांबला आणि ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ काका, तुमाला दिसावं म्हनून आमी आंधलं व्हायाचं काय?" भावोजींनी उतरून त्याची माफी मागितली. त्यांचा स्वभावच तसा, गाईला हॉर्न दिला तरी 'सॉरी' म्हणायचे. परत येऊन बसले, पुढे वाकून काचेतून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "चाचांनी डुप्लिकेट माल दिला वाटतं. अजून अंधारच आहे की गं."

रस्ता दुधासारखा पांढरा होता. ताईने नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि घरापर्यंत "आता डावीकडे घ्या, पुढे खड्डा आहे" असं सांगत राहिली.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा विझत चाललाय, उपाय नाही. भावोजींनी बिनतक्रार किल्ली ताईच्या हातात दिली आणि विचारलं ते एवढंच, "मग तुला आणायला कोण जाणार?"

पन्नाशीच्या ताईने गाडी शिकायला घेतली. शिकताना एक तुळशीवृंदावन पाडलं, पण शिकली. सकाळी ती गाडी घेऊन उरणला जायची, आणि दुपारी आमचे भावोजी उन्हाचा उजेड असताना एसटीत बसून तिला 'आणायला' निघायचे! लोक हसायचे. हसू देत. मला मात्र त्या एसटीच्या खिडकीतला तो ताठ बसलेला माणूस आठवला की अजून भरून येतं.

ताईने ते एचआयडी दिवे केव्हाच काढून टाकले होते. समोरच्यांच्या शिव्या खाणं तिला जमेना. भावोजींना तिने हे सांगितलं नाही, आणि तोवर त्यांना उजेडाचा रंग कळेनासा झाला होता.

मध्यंतरी त्यांच्याबरोबर उरणहून येत होतो. दिवेलागणीला ताईने गाडी कडेला घेतली, बटण दाबलं. साधा पिवळा हॅलोजन, तो लगेच लागला. भावोजी हात जोडून थांबले.

"पांढरा झाला का गं?"

"थांबा, निळा आहे अजून," ताई म्हणाली. पिवळ्या उजेडाकडे बघत थोडी थांबली. "हं. झाला."

भावोजींनी नमस्कार केला आणि गालातल्या गालात हसत म्हणाले, "हल्ली लवकर होतो हो तुझा."

ताईने गिअर टाकला. मागच्या सीटवर मीही हात जोडले.