मुकुटवाली आणि पिसंवाली

लग्नानंतर चार-पाच वर्षांनी मला अमेरिकेचं वेड लागलं. देशाचं नव्हे, तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या सोन्याच्या नाण्यांचं. शाळेत इतिहास शिकवत होते, तेवढ्या भांडवलावर स्वतःला मोठी जाणकार समजायची मी. गुजरीतल्या, म्हणजे सराफबाजारातल्या, एका सराफाला बजावून ठेवलं होतं, असलं नाणं मोडीत आलं तर वितळवायला मुशीत टाकायच्या आधी मला दाखवा. तीन बारकी नाणी अशी वाचवली. चौथं कुरुंदवाडच्या एका आजींच्या मोडीत निघालं. चांगलं ठसठशीत, दहा डॉलरचं! त्यापायी मी हातातली एक पाटली देऊन आले.

संध्याकाळी सासूबाईंनी हात बघितला. “पाटली कुठाय गं?”

मी नाणं पुढं केलं. “आत्ती, लक्ष्मी आणली. बघा, डोक्यावर मुकुट. आणि मागं गरुड, विष्णूचं वाहन.”

त्यांनी नाणं उलटंपालटं केलं, डोळ्यांना लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. थाप पचली म्हणून मी खूश! पुढं दोन वर्षं त्या अमेरिकन बाईला रोज हळदकुंकू वाहायचं काम माझ्याकडंच आलं. तिच्या केसांच्या वळणावळणांत कुंकू जाऊन बसलं. बघून जीव तुटायचा, पण सांगते कुणाला?

मग एकदा पुण्याचे एक संग्राहक घरी आले. पत्रांतून ओळख झालेली. त्यांच्याकडं तीन डॉलरचं नाणं होतं. फार दुर्मीळ, मी त्याची स्वप्नं बघायची. त्यांना माझं दहाचं हवं होतं. सरळ अदलाबदल. फक्त लक्ष्मी देव्हाऱ्यातनं उठायला हवी होती.

सासूबाईंनी तीन डॉलरचं नाणं उजेडात धरलं. “ही कोण बया? पिसं खोवून कुठं नाचाय निघालीया? आणि हिच्या पाठीला गरुड कुठाय?”

“मागं कणसं आहेत, काकू,” पाहुणे म्हणाले.

“कणसं आमच्या शेतात हायती की. लक्ष्मी दाराबाहेर जायाची न्हाय.”

शेवटी मी धीर केला. “आत्ती, ती लक्ष्मी नाहीच. मी थाप मारली होती.”

“ठाऊक हाय की! त्याच दिवशी तुझ्या मामंजींनी चष्मा लावून सगळं वाचून दाखवलं मला. पाटली तर गेलीच. नाणं तुझ्या हातात ऱ्हायलं असतं, तर ते बी कुणाला देऊन काय घेऊन आली असतीस, देव जाणे. देवाला तरी भिशील, म्हणून बसवली तिला तिथं!”

पाहुणे इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी तीन डॉलरचं नाणं हलकेच डबीत घातलं, डबी खिशात टाकली.

“हसा मागनं, पावणं. आधी जेवा,” सासूबाई म्हणाल्या.

मी पानं घेतली. कुणाकडं न बघता तीनदा भात वाढून घेतला. दुःखात माणसाचं जेवण सुटतं म्हणतात, माझं वाढतं.