धोंड्यातली अंगठी

सासरी घास चावून खावा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी धावड्याचा, आठवीतून शाळा सोडलेला, पार तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात. असल्या माणसाला तीर्थपुरीच्या मामा-मामींनी पोरगी दिली, हे उपकार मला झोपेतसुद्धा आठवतात. म्हणून अधिक महिन्यात त्यांनी धोंडे खायला बोलावलं, तसा रेल्वेनं आलो आणि मामी वाढतील ते गिळत सुटलो. (ताटात उरलं तर त्यांना काय वाटंल, ही धास्ती!)

ताट रिकामं झालं, तरी सगळे माझ्या तोंडाकडंच बघून राह्यले.

"लागली का दाताला?" मामींनी विचारलं.

"काय?"

एका धोंड्यात पुरणाबरोबर जावयाची सोन्याची अंगठी घातली होती म्हणे. आमच्याकडं ती सरळ हातात देतात!

मला संशय, मामी घालायलाच विसरल्या. मेव्हण्याला, म्हणजे बाळूला संशय, मी खिशात घातली. "दाजी, लई गरमतंय, शर्ट काढा की," तो मायेनं म्हणाला. शर्ट झटकून झाला, मंग पँटही खुंटीवर गेली. (टॉवेल दिला, खोटं कशाला बोला.) दुसऱ्या दिवशी माझी गाडी. तसाच गेलो असतो तर सासरी जन्माचा चोर. शेवटी मीच म्हणालो, गिळली असंल, उलटं धरा मला. मामांनी अन् बाळूनं पाय धरून मला आडातल्या पोहऱ्यासारखं हलवलं. पडली ती फक्त सुपारी.

मंग दवाखाना. फोटोत अंगठी पोटात स्वच्छ दिसली. उलटं टांगल्याचं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अन्ननळीचे स्नायू घासाच्या मागून आवळतात अन् त्याला पुढं ढकलतात. डोकं खाली केलं तरी घास पोटाकडंच जाणार. पुढं आतड्यातही तसंच."

"नेफ्यातून नाडा सरकवतो, तसं," मामी म्हणाल्या.

"बराबर. निघंल आपोआप."

"कुठून?" मामांनी विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

गाडी सोडली. संडासाच्या दाराशी बाळू खुर्ची टाकून बसला. "दाजी, बादलीतच बरं का." आतून मी कण्हलो तरी त्याला संशय.

एका सकाळी अंगठी आली. मामींनी ती चिंचेनं घासली, हळदकुंकू वाहिलं. मामांनी स्वतः माझ्या उजव्या हाताच्या बोटात घातली. "सोनं कशानंच बाटत न्हाई, जावईबापू." माझे डोळे भरून आले.

संध्याकाळी आरती झाली. पहिला प्रसाद मी त्याच हातानं मामांपुढं केला.

मामा हळूच मागं सरकले. "डाव्या हातानं द्या," म्हणाले.