बाई येईपर्यंतची नायिका

श्रीगोंद्यात आमच्या कलामंडळाचं नाटक दोन महिने बसायचं आणि त्यातली नायिका यायची प्रयोगाच्या दिवशी. नगरहून, दुपारच्या एस्टीनं. गावातली बाई स्टेजवर उभी करायची कुणाची छाती नव्हती, आणि नगरची बाई रोज एवढ्या लांब तालमीला कशी येणार? मग दोन महिने तिची वाक्यं कुणीतरी वाचायची. दुष्काळाच्या त्या वर्षी मला वाचायला बसवलं. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, आवाज खणखणीत, लग्न व्हायचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "वाचायला काय हरकत हाय? खुर्चीवर बसूनच वाचायचं न्हवं?"

मंडळ म्हणजे तरी काय, आठ-दहा हौशी माणसं. पोस्टमास्तर अध्यक्ष, आणि शाळेचा हॉल झाडायलाही तेच. सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर कायमचे नायक. त्या साली नाटक करावं की नाही यावरच रण माजलं. विहिरी आटलेल्या, निम्मा तालुका खडी फोडायला गेलेला, घरोघर रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, लाल भाकरी. "लोक दिवसभर खडी फोडतात, त्यांनी हसायचंसुद्धा नाही का?" असं म्हणून अध्यक्षांनी विषय मिटवला. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून प्रयोग दुपारी चारला ठरला.

पहिले चार दिवस मी वाचलं. पाचव्या दिवशी वही मिटली, कारण सगळं पाठ झालं होतं. मग खुर्चीवरून कधी उठले, कधी चालायला-वळायला लागले, ते माझं मलाच कळलं नाही. कंपाउंडर माझ्याकडे बघून वाक्य म्हणायचे, मी उत्तर द्यायचे आणि अंगावर काटा यायचा. तुम्हाला वाटेल त्यांच्यामुळे. छे! भला माणूस, पण अंगाला कायम टिंक्चरचा वास. काटा यायचा तो माझ्याच आवाजानं. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की भाकरी थापतानाही ओठ हलायचे. आणि रोज मनातल्या मनात अण्णांवर चरफडायचे, की हे काही हो म्हणायचे नाहीत. त्यांना विचारलं मात्र एकदाही नाही.

प्रयोगाच्या दिवशी एस्टी आलीच नाही. साडेतीन वाजले, हॉल गच्च भरला. कंपाउंडर तोंडाला रंग लावून येरझारा घालत होते. अण्णा दाराशी लोकांना बसवून घेत होते. अध्यक्ष त्यांच्याशी काहीतरी बोलले आणि तडक माझ्याकडे आले.

"पोरी, तू उभी राहा."

"अण्णांना चालायचं नाही."

"अगं, त्यांनाच विचारून आलोय. म्हणाले, तिची तयारी असंल तर माझी ना न्हाई."

काय झालं मला, देव जाणे. दोन महिने तोंडात घोळवलेल्या वाक्यांतलं पहिलंसुद्धा आठवेना. "मला नाही जमणार," मी म्हटलं. त्यांनी विनवलं, रागावले, शेवटी कपाळाला हात लावून दाराकडे गेले. अण्णा तिथं दिसेनात.

तेवढ्यात बाई आल्या, खडीच्या ट्रकातून, नखशिखांत धुळीनं माखून. तोंड धुतलं आणि वीस मिनिटांत उभ्या राहिल्या. काम उत्तम केलं, खोटं कशाला बोलू! मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला. पहिल्याच अंकात घोटाळा झाला. बाईंनी वाक्य टाकलं आणि कंपाउंडरांनी सवयीनं उत्तर दिलं ते विंगेकडे, माझ्याकडे वळून. लोक हसले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. "अहो, इकडे बघा!" बाई दातओठ खात पुटपुटल्या. कंपाउंडरांना दिसू नये म्हणून मी पडद्याआड सरकले. तिथल्या फटीतून प्रेक्षक दिसत होते. तिसऱ्या रांगेत, कडेला, अण्णा बसले होते. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं पुडकं. नाटक संपेपर्यंत त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

घरी आलो तर आई दारातच उभी होती. तिनं पुडकं घेऊन सोडलं. आत तिचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं.

"का ओ, ही नेसली न्हाई व्हय?"

"बाई आली येळेवर," अण्णा म्हणाले. "मग हिला कोन उभं करतंय?"

पुढच्या साली मी सासरी होते. आता इतकी वर्षं झाली, पण कुठं नाटकाची घंटा ऐकली की अजून जीव कासावीस होतो. कुणी विचारलं, तर मी सांगत आले, हौस फार होती हो, पण आमच्या वडिलांना चालत नव्हतं. एकदा बोलण्याच्या ओघात अण्णांच्या देखतच बोलून गेले. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "व्हय, मीच न्हाई म्हनलं. जुन्या वळणाचा मानूस हाय मी."