मनगटाला बांधलेला लाकडी चमचा

तुमचं मनगट मोडलं, तर आधी कुठे जाल? अमेरिकेतल्या माझ्या शेजारीण मार्थाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी लाकडी चमचा मनगटाला रुमालाने आवळून बांधला. हप्ता वाढला तेव्हाच त्यांनी आरोग्य विमा सोडला होता.

"दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"थांब जरा, घर विकून येते," त्या हसून म्हणाल्या.

समोर टीव्हीवर दोन पुढारी विम्यावरून भांडत होते. दोघांचे धडधाकट हात हवेत फिरत होते. वाद किती लांबवायचा, हे हाड न मोडलेली माणसंच ठरवतात. मार्थाबाईंची बोटं निळी पडत चालली होती.

आपल्याकडेही हप्ते वाढताहेत. उद्या कोणी मत मागायला आलं, तर त्याला आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि विचारा, मोडलेल्या हाताला इथे आजच्या आज प्लास्टर बसेल का?