टँकरचा रस्ता आणि मुलींच्या सायकली

लातूर जिल्हा झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे आमच्या गल्लीला कळलं ते जीपच्या हॉर्नवरून. ज्या रस्त्यावर बैलगाड्या, सायकली आणि अधूनमधून एखादी एसटी एवढीच वर्दळ होती, तिथून आता सगळ्या खात्यांचे साहेब धावू लागले. कुठं पोचायचं होतं कोण जाणे, पण प्रत्येकाला घाई होती. माझे बाबा कारकून. नव्या जिल्ह्याला माणसं लागत होती म्हणून त्यांची बिलोलीहून बदली झाली, आणि आम्ही ट्रंका, गाद्या अन् माझी लेडीज सायकल एसटीच्या टपावर टाकून लातूरला आलो. मी तेव्हा नववीत होते. आमचं आडनाव ऐकून दोन घरमालकांनी "खोली कालच गेली" असं सांगितलं. तिसऱ्यानं दिली, ती बाजाराच्या रस्त्याला लागणाऱ्या एका गल्लीत.

गल्ली बाजाराच्या रस्त्याला मिळायची तो तिठा, आणि तिठ्याच्या पलीकडं माझी शाळा. हाकेच्या अंतरावर, पण मधला तो रस्ता म्हणजे जिवाशी खेळ. जिल्हा झाल्याच्या आनंदात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शहाबादी फरशीचा फूटपाथ केला होता. फरशी नीट बसायच्या आत दुकानदारांनी तो आपापसांत वाटून घेतला. भांड्यांच्या दुकानाचे हंडे, कापडवाल्याचे बाकडे, सायकलवाल्याची ट्यूब बुडवायची घमेली. कोपऱ्यावर आप्पांचं धान्याचं दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मधासारखं. गल्लीतलं कुठलंही भांडण आप्पांशिवाय मिटत नसे. त्यांची तुरीची पोती फूटपाथवर छातीएवढी रचलेली असायची. एकदा मी त्या पोत्यांमधून वाट काढत होते, तर म्हणाले, "पोरी, रस्त्यानं जा की. इथं माल हाय, पाय लागंल."

मालाला पाय लागू नये म्हणून माणसानं ट्रकपुढं जावं! आणि हे सांगताना आवाजात इतकी माया की मी "हो आप्पा" म्हणून खरंच खाली उतरले. त्या मायेची मला आज किळस येते.

त्यात दुष्काळ. दोन पावसाळे कोरडे गेले होते. नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता, आलं तर आधी हवा सुटायची आणि मग गढूळ धार. मग टँकर सुरू झाले. ड्रायव्हरांना खेपेवर पैसे, त्यामुळे ज्याच्या खेपा जास्त तो शहाणा. आमच्या गल्लीत येणारा ड्रायव्हर तोंडात पानाचा तोबरा भरून असा वळायचा की टँकरचं मागचं चाक फरशीवर चढून उतरायचं. बायका त्याला "भाऊ, भाऊ" करायच्या, चहा द्यायच्या. ज्यांच्या घरात पोरांच्या चहाला दूध नव्हतं, त्याही.

शाळा सुटल्यावर एक दिवस माझ्या वर्गातली मुलगी माझ्यापुढं सायकलवर होती. तिठ्यावर टँकर वळला आणि त्याचा मागचा कोपरा तिच्या हँडलला लागला. ती खाली, सायकल चाकाखाली. पायाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, त्या धक्क्यानं टँकरची तोटी सैल झाली आणि पाणी वाहू लागलं. गल्लीतून बायका धावत आल्या. दोघी मुलीकडं गेल्या. बाकीच्यांनी तोटीखाली घागरी धरल्या.

त्यात माझी आई होती. रात्री मी तिच्याशी बोलले नाही. ती म्हणाली, "वाहून चाललेलं पानी बघवत न्हाई गं मला." खरं सांगत होती. मुखेडकडच्या कोरडवाहू गावात वाढलेली बाई, पाण्याच्या बाबतीत ती कधी खोटं बोलली नाही. पण मला त्या दिवशी त्या घागरींची, त्या पाण्याची, सगळ्याचीच शिसारी आली होती.

बाबा मात्र हलले. तिठ्यावर गतिरोधक हवा म्हणून त्यांनी चार ठिकाणी विचारलं. उत्तर सगळीकडून एकच: जिल्हा नवा आहे, अजून अधिकार आलेले नाहीत. साहेबांच्या गाड्या आल्या होत्या, खुर्च्या आल्या होत्या, फक्त अधिकार तेवढे वाटेत कुठं तरी अडकले होते! शेवटी एका रविवारी बाबांनी बनियनवर उभं राहून, शेजारच्या दोघांना घेऊन, मुरूम आणि खडी टाकून स्वतःच उंचवटा केला. वर पाणी मारायचं होतं. कुणी दिलं नाही. आमच्याच घागरीतलं त्यांनी मारलं आणि आईनं दिवसभर भांडी वाजवली.

पण काय सांगू, गाड्या हळू झाल्या. जीपवाले शिव्या देत का होईना, ब्रेक लावायचे. म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडता येऊ लागला. मी घंटी वाजवत सायकलवरून शाळेत जायची, आणि बाबांनी केलेल्या त्या उंचवट्यावरून जाताना बसणारा गचका मला लई आवडायचा.

तो गचका टँकरवाल्याला आवडला नाही. "गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तर कोन भरून देनार? निम्मं पानी हितंच सांडून राहिलं. ह्या गल्लीत येत न्हाई म्या," असं गल्लीच्या तोंडावर सांगून तो निघून गेला आणि खरंच आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बायकांनी कुदळी घेतल्या आणि उंचवटा खणून काढला. बाबा कचेरीतून आले तेव्हा तिथं खडी पसरलेली होती आणि आमच्या दारात चिखल लागलेली कुदळ उभी होती. कुदळ आमचीच.

"तूसुद्धा?" बाबांनी विचारलं.

"मग काय ते ढेकूळ पिऊ?" आई म्हणाली. "नवं मानूस आपन. त्यात आपन कोन ते सगळ्यांला ठावं हाय. गल्ली एका अंगाला अन् आपन एका अंगाला, असं चालतंय का? उद्या टँकरच्या रांगेत कोन उभं राहू दील?"

बाबांनी कुदळ उचलून आत नेऊन ठेवली. ज्यांच्या जिवावर बेतलं होतं त्यांच्याच हातांनी तो उंचवटा खणून घेतला गेला, आणि टँकरवाला संध्याकाळी पुन्हा "भाऊ" झाला.

मग सभा भरली. आमच्याकडं आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, हे ठरलेलंच. शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकून हेडमास्तर, आप्पा आणि पालक बसले. त्या मुलीचे वडील मागं एका कोपऱ्यात. टँकर हळू चालवा, असं कुणी म्हणालं नाही. फूटपाथ मोकळा करा, हे म्हणायला बाबा उठले, तर आप्पा गोड हसून म्हणाले, "साहेब, दुकान काय डोक्यावर घिऊन बसू?" सगळे हसले. बाबा बसले. शेवटी आप्पांनीच तोडगा काढला. "पोरीची जात. हात-पाय मोडला तर लगीन कोन करील? पोरींनी सायकलच वापरू नये. घोळक्यानं पायी यावं." हेडमास्तरांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तसं जाहीर झालं. मुलांच्या सायकली सुरूच राहिल्या. मुलांचे पाय बहुधा लोखंडाचे असतात.

रस्ता धोक्याचा होता, म्हणून रस्त्यावरून मला काढलं. हल्ली कुठं रस्ता सुरक्षेची सभा असली, की मास्तरीण म्हणून मलाही बोलावणं येतं. तिथं पांढरे पट्टे, शिट्ट्या, मुलांच्या हातात फलक, सगळं असतं. पण पहिलं वाक्य हमखास हेच येतं, की पायी चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी काळजी घ्यावी. मी चहा न घेता उठते.

बाबा म्हणाले, "थोडे दिवस कळ काढ." सायकल भिंतीला टेकून उभी राहिली. घोळका म्हणजे आम्ही चौघीजणी. रस्त्याच्या कडेनं जीव मुठीत धरून जायचं. त्यातल्या एकीला तिच्या आजोबांनी पुढच्याच महिन्यात घरी बसवलं. रस्त्यावर रोज कोण सोबत जाणार, म्हणाले. माझ्यासाठीही तसं बोलणं घरात सुरू झालं होतं. मुखेडच्या मामांचा निरोप आला होता, दहावी काय, घरूनही देता येते. त्या सायकलीवर माझी शाळा उभी होती, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

उन्हाळा तापला तसे टँकरही कमी झाले. शाळेच्या मागं एका बोअरला अजून पाणी होतं. आईनं सायकल बाहेर काढली, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे लावून घेतले आणि त्याला तेलाचे पत्र्याचे डबे अडकवले, तोंडाला फडकं बांधून. "जा, घिऊन ये," मला म्हणाली.

त्याच तिठ्यावरून. तीच मी, तीच सायकल. भरलेले डबे घेऊन हातानं ढकलत मी रस्त्यात आले, आणि आप्पा दुकानाची पायरी उतरून भर रस्त्यात आले. हात वर करून ओरडले, "थांबा रे! पान्याची सायकल हाय!" टेम्पो थांबला. जीप थांबली. साहेबाची जीप! मी आ वासून पलीकडं गेले. रोज असंच झालं. पोरीची जात, लग्न, हात-पाय, कुणाला काही आठवलं नाही.

मग मी एका सकाळी डोकं चालवलं. रिकाम्या डब्यांत दप्तर ठेवलं, वर फडकं बांधलं आणि सायकलवर टांग टाकली. आप्पांनी हात वर केला. गाड्या थांबल्या. शाळेच्या फाटकात हेडमास्तर म्हणाले, "पाण्याला निघालीस वाटतं? बरं, बरं." मी सायकल मागं लावली आणि वर्गात जाऊन बसले. कितीतरी दिवस अशी गेले. मैत्रिणींनाही सांगितलं नाही.

मग एकदा शाळेतून परतताना भर रस्त्यात, टेम्पो थांबलेला असताना, एक डबा आकड्यातून निसटला. "पानी सांडलं, पानी सांडलं!" करत आप्पा धोतर सावरत पळत आले, मागून दोघं-तिघं. डबा आडवा पडलेला, फडकं सुटलेलं, आणि रस्त्यावर भूगोलाचं पुस्तक, कंपासपेटी, पोळीचा डबा.

आप्पांनी दुसऱ्या डब्यावरचं फडकं उचलून आत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत. नुसता चेहरा उतरला, फसवल्यासारखा. "पानी न्हाई होय," म्हणाले. मी खाली वाकून पुस्तकं गोळा करत होते. त्यांनी टेम्पोवाल्याकडं वळून हात हलवला.

"जाऊ दे रे, जाऊ दे."

टेम्पोवाल्यानं गिअर टाकला.